भिंगावरची जांभळी झाक

कॅमेऱ्याच्या भिंगावर तिरप्या उजेडात दिसणारी जांभळी झाक हा काचेचा रंग नसून तिच्यावरील अतिसूक्ष्म लेपाची खूण असते.

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो, म्हणजे मागे फिरतो. त्यामुळे १० पृष्ठभागांच्या भिंगसंचात जवळजवळ एकतृतीयांश प्रकाश वाया जातो.

मॅग्नेशियम फ्लोराइडचा सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे लेपातील हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या (लगतच्या दोन शिखरांमधील अंतराच्या) एकचतुर्थांश जाडीचा थर दिला, की त्याच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी निष्प्रभ करतात आणि तेवढा प्रकाश आरपार जातो; तांबडा व निळा प्रकाश मात्र काहीसा परततो, आणि त्यांचेच मिश्रण जांभळे दिसते.

विलक्षण गोष्ट अशी, की जुनी, डागाळलेली भिंगे नव्यांपेक्षा अधिक प्रकाश सोडतात, हे इंग्लंडमधील डेनिस टेलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच हेरले होते.