लिहिलेले सापडावे म्हणून : महाजालावरील मराठी लेखनाची तपासणी

गेल्या पावसाळ्यात महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी प्रकल्पाचा विषय घेऊन आली : बालाघाट जिल्ह्यातील धानशेतीचे शब्द. म्हणाली, "सर, चिन्नोर तांदळावर हिंदीत पुष्कळ सापडतं. मराठीत कोणी लिहिलेलंच नाही." मला हसू आले आणि वाईटही वाटले. चिन्नोरावर मराठीत मीच लिहिले होते आणि तो लेख माझ्या छोट्याशा संकेतस्थळावर सहा वर्षे पडून होता. तिच्यासमोर मोबाइलवर मीही शोध घेतला. लेख आला नाही.

दोष तिचा नव्हता. ग्रंथालयात पुस्तक भलत्याच कपाटात गेले की ते असूनही नसल्यासारखेच असते. दिवाळीच्या सुटीत मी माझे सगळे ४२ लेख एकेक करून तपासले. अशा तपासणीला 'एसईओ ऑडिट' असे भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात त्यातले निम्मे काम मुद्रितशोधकाचे आणि निम्मे सूचीकाराचे असते. म्हणजे लेखक-शिक्षकांना जमण्याजोगे. ते कोणत्या क्रमाने करावे हे माझ्याच चुकांच्या आधारे येथे मांडतो.

१. पानाची नोंद झाली आहे का?

शोधयंत्र तीन कामे करते. त्याचा फिरता प्रोग्राम एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पाने वाचतो. वाचलेल्या पानांची सूची तयार होते. आणि कोणी काही विचारले की त्या सूचीतून पाने निवडून क्रमाने लावली जातात. म्हणून पहिला प्रश्न : आपले पान त्या सूचीत आहे का? 'गूगल सर्च कन्सोल' या विनाशुल्क सोयीत संकेतस्थळ आपलेच असल्याचे सिद्ध केले की कोणती पाने सूचीत आहेत, कोणती नाहीत आणि का नाहीत हे कळते. लोकांनी कोणते शब्द टाकले तेव्हा आपले पान दिसले आणि किती वेळा उघडले गेले, याची मागील १६ महिन्यांपर्यंतची आकडेवारीही मिळते.

माझी ११ पाने सूचीत नव्हती. त्यांपैकी चार लेख कच्चे असताना मीच त्यांवर 'सूचीत घेऊ नये' अशी खूण करून ठेवली होती आणि पुढे ती काढायला विसरलो होतो. उरलेल्या सातांकडे दुसऱ्या कोणत्याही पानावरून वाट नव्हती. मी विषयवार अनुक्रमणिका केली आणि जवळच्या विषयांचे लेख एकमेकांना जोडले.

२. अक्षर दिसते, पण आत काय असते?

माझे जुने लेख कृतिदेव टंकात होते. पडद्यावर 'कटंगी' दिसते. आत मात्र डी, व्ही, ए, एक्स, एच ही पाच रोमन अक्षरे साठवलेली असतात. टंक त्यांना फक्त देवनागरी वेश चढवतो. शोधयंत्र वेश पाहत नाही, आतले वाचते. शिवाजी, श्रीलिपी अशा जुन्या टंकांतील मजकुराचीही हीच गत. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा आणि नंतर डोळ्यांनी वाचावा, कारण रूपांतरात पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे हमखास घसरतात.

युनिकोडमध्येही मराठीचे एक-दोन खड्डे आहेत. धानाच्या रोपांना आमच्याकडे 'पऱ्हे' म्हणतात. त्यातला ऱ्ह दोन प्रकारे साठवता येतो : खाली टिंब असलेला ऱ आणि पाय मोडण्याचे चिन्ह, किंवा साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. 'शेतकऱ्यांचा', 'दुसऱ्या' या शब्दांचेही तेच. 'ॲ' हे अक्षर स्वतंत्र चिन्ह म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी अ वर चंद्र देऊन ते लिहिले जाई. दिसायला दोन्ही सारखी, आतून वेगळी. शोधयंत्रे असे काही भेद सांभाळून घेतात, पण त्यावर विसंबू नये. सर्व लेखांत एकच पद्धत ठेवावी.

३. शीर्षक कोणासाठी?

चिन्नोरावरील माझ्या लेखाचे शीर्षक होते 'गंध उरतो मागे'. मला ते फार आवडत असे. पण वाचक जे शब्द टाकून शोधतो त्यांपैकी एकही त्यात नव्हता. आता शीर्षक आहे 'चिन्नोर तांदूळ : बालाघाटच्या धानशेतीतील शब्द'. जुने शीर्षक मी लेखाच्या आत पोटमथळा म्हणून ठेवले. कवितेला आणि ललित लेखाला त्यांचे शीर्षक हवेच. माहितीपर लेखाचे शीर्षक मात्र विषय सांगणारे असावे.

शीर्षकाखाली दिसणारे दोन ओळींचे वर्णनही स्वतः लिहावे. त्याने क्रम वर सरकत नाही, पण पान उघडावे की नाही हे वाचक त्यावरून ठरवतो. पानाच्या आत लपवलेली 'कीवर्ड' यादी भरण्यात वेळ घालवू नये. क्रमवारीसाठी ती वापरत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

४. विभक्ती आणि बोली

मराठीच्या लेखकाने सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते येथे. हिंदीत 'चावल का', 'चावल में' असे लिहिले तरी 'चावल' सुटा आणि अभंग राहतो. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि शब्दाचे सामान्यरूपही बदलते : तांदूळ, पण तांदळाचा, पीक, पण पिकाला. शोधणारा बहुधा मूळ रूप टाकतो. माझ्या लेखात 'तांदळाचा', 'तांदळाने', 'तांदळात' भरपूर होते. 'तांदूळ' हे रूप एकदाही नव्हते. यंत्र आता शब्दांची नाती बरीच ओळखते, तरी मूळ रूप निदान शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात यावे. वाक्य थोडे फिरवले की ते सहज येते.

दुसरा प्रश्न बोलीचा. आमच्याकडे धान, रोवणी, बांधी, धुरा हे शब्द. इतरत्र भात, लावणी, खाचर, बांध. माझ्या लेखाचे प्रयोजनच आमचे शब्द नोंदवणे हे असल्याने ते बदलणे शक्य नव्हते. मी पहिल्या उल्लेखात 'रोवणी, म्हणजे भाताची लावणी' असे लिहिले. त्यामुळे पुण्याच्या वाचकाला लेख सापडतो आणि कळतोही. तसेच पोवारी आणि पवारी, चिन्नोर आणि हिंदीतले चिन्नौर. रूढ असलेली दोन्ही रूपे एकदा नोंदवावीत, पुढे एकच पाळावे.

५. दोन कटंगी, दोन बालाघाट

कटंगी म्हटले की जबलपूर जिल्ह्यातील रसगुल्ल्यांची कटंगी पुढे येते. मराठीत बालाघाट म्हटले की मराठवाड्यातील डोंगररांग. आम्हाला ही नावे सांगावी लागत नाहीत, म्हणून लेखातही मी ती मोघमच लिहीत आलो होतो. आता प्रत्येक लेखात एकदा तरी 'कटंगी, जिल्हा बालाघाट, मध्य प्रदेश' असे स्पष्ट लिहितो.

६. पानाची भाषा

पान कोणत्या भाषेतले आहे हे गूगल त्यावरील दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवते. आतल्या भाषासूचक खुणेवरून नाही. लिपी एकच असल्याने मराठी-हिंदी सरमिसळ येथे नडते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. तेव्हापासून आमचे कार्यालय हिंदी आणि बरीचशी घरे मराठी-पोवारी. माझ्या पानांवरही तेच प्रतिबिंब होते : लेख मराठी, वरची पट्टी, तळटीप, चित्रांच्या ओळी हिंदीत. आता एका पानावर एकच भाषा ठेवतो. हिंदी अनुवाद असल्यास त्याला स्वतंत्र पान देऊन तेथे दुवा देतो.

७. पत्ते आणि चित्रे

पानाचा पत्ता देवनागरीत चालतो, पण तो दुसरीकडे पाठवताना अनेकदा सांकेतिक रूपात उलगडतो. 'कटंगी' या पाच चिन्हांची तेव्हा ४५ अक्षरे होतात. म्हणून मी छोटे रोमन पत्ते वापरतो. जुना पत्ता बदलल्यास त्यावरून नव्यावर जाण्याची कायमची सोय करावी. नाहीतर इतरांनी दिलेले दुवे तुटतात. चित्राला वर्णन द्यावे : 'रोवणीसाठी बांधीत ठेवलेल्या पऱ्ह्यांच्या जुड्या'. दृष्टिहीन वाचकाचे वाचक-यंत्रही तेच वाचून दाखवते.

काय करू नये तेही सांगतो. एकच शब्द ओळीओळीत कोंबू नये, दुवे विकत घेऊ नयेत आणि 'पहिल्या क्रमांकाची हमी' देणाऱ्यापासून दूर राहावे. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच सांगते.

दुरुस्त्यांचा परिणाम दिसायला तीन-चार महिने लागले. नुसते 'चिन्नोर' टाकले तर आजही हिंदी बातम्या पुढे असतात. २०२१ मध्ये चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्या वाढल्याच आहेत. पण 'चिन्नोर तांदूळ' असे मराठीत विचारले की लेख येतो. ती विद्यार्थिनी तो वाचून पुन्हा आली. मी नोंदवलेल्या दोन शब्दांचे अर्थ तिच्या आजीने चुकीचे ठरवले होते. मी ते सुधारले. लेख सापडलाच नसता तर त्या चुका तशाच राहिल्या असत्या.

शेवटी आपल्या संस्थांविषयी. अनेक वार्षिके आणि गौरवग्रंथ पानांची छायाचित्रे जोडलेल्या पीडीएफच्या रूपात महाजालावर ठेवलेले असतात. अशा चित्रांतून अक्षरे ओळखण्याचा प्रयत्न यंत्र करते. फिकट छपाई आणि जोडाक्षरे यांपुढे ते अडखळते. पूर्ण मजकूर युनिकोडमध्ये देणे जमत नसेल, तर निदान लेखाचे नाव, लेखकाचे नाव आणि चार ओळींचा सारांश प्रत्येक लेखासाठी स्वतंत्र पानावर द्यावा. एका अंकासाठी हे दोन दिवसांचे काम आहे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांकडून ते करून घेतले, तर सूची कशी करतात हेही ते शिकतील.