सरासरीचा हिशेब घाटात होतो

भारतीय रेल्वेत ब्रॉडगेजवरच्या गाडीचा सरासरी वेग ताशी 55 किलोमीटर किंवा त्याहून जास्त असला, की ती ‘सुपरफास्ट’ ठरते आणि तिकिटात तेवढा अधिभार लागतो. 55 हा आकडा ऐकून पुष्कळ जण नाक मुरडतात. एवढ्या वेगानं तर आमची मोटारसायकल जाते, म्हणतात. पण मोटारसायकलचे 55 म्हणजे त्या घटकेला काट्यावर दिसलेले. रेल्वेचे 55 हे गाडी सुटल्यापासून मुक्कामाला लागेपर्यंतचे. मधले थांबे, सिग्नलला काढलेली मिनिटं, दुरुस्तीच्या जागी सावकाश काढलेली गाडी, सगळं त्यात धरलेलं असतं. हा आकडा वाटतो तितका सोपा नाही.

व्याख्या एका ओळीची आहे: एकूण अंतर भागिले एकूण वेळ. डेक्कन क्वीन घेऊ. 1930 साली 1 जूनला सुरू झालेली ही गाडी सकाळी 7.15 ला पुण्याहून सुटते आणि 10.25 ला मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. अंतर 192 किलोमीटर, वेळ 3 तास 10 मिनिटं. इथे पहिली ठेच लागते. घाईत माणूस 192 ला 3.10 नं भागतो आणि उत्तर जवळपास 62 येतं. तासाचा दशांश म्हणजे 6 मिनिटं. 10 मिनिटं म्हणजे तासाचा सहावा भाग, 0.167. भागायचं 3.167 नं. मग उत्तर येतं ताशी 60.6 किलोमीटर. दशांशाशी झटापट नको असेल तर सरळ मिनिटं करावीत: 192 गुणिले 60, भागिले 190.

या प्रवासात गाडीचा वेग 60.6 होता असे क्षण फार थोडे. कल्याण–कर्जत पट्ट्यात ती यापेक्षा कितीतरी जोरात असते, घाटात कितीतरी सावकाश आणि स्टेशनात शून्यावर. सरासरी वेग पूर्ण प्रवासाचा असतो, त्यातल्या एखाद्या क्षणाचा नव्हे. हा फरक आपल्याकडे फार पूर्वी नेमका ओळखला गेला होता. भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त ग्रहांच्या गतीचा विचार करताना दिवसभराची स्थूल गती आणि त्या क्षणाची तात्कालिक गती वेगळी मानली. चंद्र झपाट्यानं चाल बदलतो, त्याला दिवसाची सरासरी पुरत नाही, हे त्यांना दिसलं होतं. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. मुंबई–भुसावळ मार्गानं जाणाऱ्यांनी चाळीसगाव स्टेशन आलं की त्यांची आठवण काढायला हरकत नाही.

क्षणाचा नाही, पण एका किलोमीटरचा वेग प्रवाशाला खिडकीत बसून काढता येतो. विजेच्या मार्गावर रुळांशेजारी तारा पेलणारे खांब असतात आणि त्यांच्यावर 112/14 असे आकडे रंगवलेले असतात. तिरक्या रेघेआधीचा आकडा किलोमीटरचा, नंतरचा त्या किलोमीटरातल्या खांबाचा. डावीकडचा आकडा बदलला की घड्याळ पाहायचं आणि पुन्हा बदलेपर्यंतचे सेकंद मोजायचे. 3600 ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी वेग मिळतो. 36 सेकंद लागले तर 100, 45 लागले तर 80, 72 लागले तर 50, दोन मिनिटं लागली तर 30. मुलांना वेगाचं गणित शिकवायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. कर्जतपर्यंत वहीची दोन-चार पानं सहज भरतात.

आणि तिथेच या विषयाची खरी गोम हाताला लागते. समजा एका किलोमीटरला 36 सेकंद लागले, म्हणजे वेग 100. पुढे कधीतरी एका किलोमीटरला 120 सेकंद लागले, म्हणजे वेग 30. दोन्हींची सरासरी? वहीत पटकन 65 लिहिलं जातं. पण 2 किलोमीटरला एकूण 156 सेकंद लागले आहेत, म्हणजे सरासरी वेग फक्त 46. वेगांची बेरीज करून दोननं भागणं तेव्हाच चालतं, जेव्हा दोन्ही वेगांनी सारखाच वेळ प्रवास झालेला असतो. इथे अंतर सारखं आहे, वेळ नाही. मंद किलोमीटरानं जास्त वेळ खाल्ला, म्हणून सरासरी त्याच्या बाजूला ओढली गेली.

रस्त्यावरही हेच घडतं. 120 किलोमीटरवरच्या गावी ताशी 60 नं गेलात आणि 40 नं परत आलात, तर सरासरी 50 नसते. जायला 2 तास, यायला 3 तास. 240 भागिले 5, म्हणजे 48. याच्या पुढचं उदाहरण मला नेहमी चटका लावतं. 120 किलोमीटर जायचंय, सरासरी 60 राखायची आहे, आणि पहिले 60 किलोमीटर गर्दीमुळे 30 नं गेलात. उरलेल्या अंतरात गाडी किती पळवावी? उत्तर असं, की आता काहीही केलं तरी जमणार नाही. पूर्ण प्रवासाला हातात 2 तास होते, ते निम्म्या वाटेतच संपले. ‘पुढे रस्ता मोकळा मिळाला की वेळ भरून काढू’ म्हणत महामार्गावर जीव धोक्यात घालणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करावा, असं मला मनापासून वाटतं.

मुंबई–पुणे मार्गावरच्या बोरघाटाकडे याच नजरेनं पाहू. कर्जत मुंबईपासून 100 किलोमीटरवर, लोणावळा 128 वर. मधल्या 28 किलोमीटरांत चढ 37 ला 1 इतका तीव्र होतो. रेल्वेच्या मानानं ही भिंतच. म्हणून वर जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. उतरतानाही सुटका नाही; ब्रेक तपासून, वेग बांधून गाडी खाली आणावी लागते. आता निव्वळ हिशेबासाठी धरू, की घाटात गाडी सरासरी 35 नं जाते आणि उरलेले 164 किलोमीटर 80 नं. घाटाला 48 मिनिटं, बाकीला 123, एकूण 171. अंतराचा जेमतेम सातवा हिस्सा असलेला घाट वेळेचा पाव हिस्सा गिळून वर थोडा घेतो. पूर्ण सरासरी 67 वर येते. सपाटीवरचा वेग 80 वरून 100 केला, तर 164 किलोमीटर रूळ, सिग्नल, पूल सुधारून वाचणार सुमारे 25 मिनिटं. घाटातला वेग 35 वरून 60 करता आला, तर नुसत्या 28 किलोमीटरांत 20 मिनिटं वाचतात.

1863 मध्ये हा घाट खुला झाला तेव्हा तर खंडाळ्याजवळ गाडी पुढे जाऊन थांबायची, इंजिन तिच्या दुसऱ्या टोकाला लागायचं आणि मग उलट दिशेनं पुढचा चढ सुरू व्हायचा. त्या रिव्हर्सिंग स्टेशनात गेलेल्या मिनिटांत अंतर एक इंचही पुढे सरकत नव्हतं. पुढे मार्ग बदलून हा थांबा काढला गेला.

अंतराचा आकडाही तपासून घ्यावा लागतो. कोकण रेल्वेच्या भाड्यासाठी धरलेले किलोमीटर प्रत्यक्षापेक्षा 40 टक्के जास्त असतात, कारण हा मार्ग बांधायला आलेला खर्च. प्रत्यक्षातल्या 100 किलोमीटरांना 2 तास लागले तर वेग 50. तिकिटावरचे 140 धरले तर तोच 70 दिसतो. त्यात पावसाळी वेळापत्रक वेगळं. दरडींच्या भीतीनं वेग बांधलेला असतो आणि मुसळधार पावसात समोरचं नीट दिसेनासं झालं की गाडी 40 वर आणायची असते. तिथली सरासरी घसरते ती सुरक्षिततेपायी, आणि ते योग्यच आहे.

2023 च्या फेब्रुवारीत मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली. ताशी 160 किलोमीटर धावू शकेल अशी तिची बांधणी. पण 455 किलोमीटरांना साधारण साडेसहा तास लागतात, म्हणजे सरासरी 70. तिच्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती 160 ची क्षमता नव्हे. तिच्या अनेक डब्यांखाली मोटारी आहेत, त्यामुळे ती बोरघाट बँकरशिवाय चढते, आणि कर्जतला मागे इंजिन लागेपर्यंत उभं राहण्याची मिनिटं तिच्या खात्यातून कायमची वजा झाली आहेत.