झाडं तोडा, निसर्ग वाचवा!

शीर्षक चुकलेलं नाही. दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या हीथवर हिवाळ्यात स्वयंसेवक करवती घेऊन येतात आणि पाइन-बर्चची कोवळी झाडं साफ करतात. हे तिथलं पुण्यकर्म!

हीथ म्हणजे रेताड, आम्लधर्मी जमिनीवरचं खुरट्या झुडपांचं माळरान. कांस्ययुगातल्या माणसांनी जंगल तोडलं, जमिनीचा कस गेला आणि तिथे हेदर हे खुरटं झुडूप फोफावलं. पुढे गुरं चरत राहिली, लोक सरपण नेत राहिले, म्हणून ते टिकलं. चराई थांबली की झाडं घुसलीच! खत तर इथे विषच. कस वाढला की गवत माजतं आणि हेदर हटतं.

ब्रिटनमध्ये मूळचे साप-सरडे मिळून जाती किती? फक्त सहा. (आपल्या सर्पमित्रांनी हसू नये.) त्या सहाही डॉर्सेटच्या हीथवर सापडतात. वाळूतला सरडा उन्हाने तापलेल्या उघड्या वाळूत अंडी पुरतो. सावली पडली की पिल्लांचं गणित बिघडलं.

इथल्या नखाएवढ्या निळ्या फुलपाखराचा थाट तर बघा: सिल्व्हर-स्टडेड ब्लूच्या अळ्यांना काळ्या मुंग्या सांभाळतात. मोबदला? अळीच्या अंगातून पाझरणारा गोड रस.

डार्टफर्ड वॉर्बलर हा चिमुकला पक्षी गॉर्सच्या काटेरी झुडपांत राहतो आणि थंडीतही स्थलांतर करत नाही. 1962-63च्या भीषण हिवाळ्यानंतर ब्रिटनभरात त्याच्या जेमतेम दहा-अकरा जोड्या उरल्या होत्या. तिथून तो सावरला, कारण परतायला हीथ शिल्लक होतं.

ओलसर खळग्यांत कीटक खाणारी दवबिंदू वनस्पतीही आहे. तिची भावंडं आपल्या कास पठारावर भेटतात. निकस मातीत नायट्रोजन मिळेना, म्हणून शिकार!

1800पासून इंग्लंडमधलं बहुतेक सखल हीथ शेती, पाइनची लागवड आणि घरं यांनी गिळलं. सहापैकी जेमतेम एक हिस्सा उरला. ‘ओसाड’ म्हटलं की जमीन गेलीच समजा, आपल्या माळरानांचंही तेच. 2020मध्ये मात्र डॉर्सेटच्या पर्बेक भागात हीथचे तुकडे जोडून 3,331 हेक्टरचं मोठं राखीव क्षेत्र झालं.

तिकडे राहत असाल तर ऑगस्टमध्ये जांभळं हेदर बघून या. वसंतात गेलात तर पायवाट सोडू नका, कारण रातवा पक्षी जमिनीवरच अंडी घालतो. आणि बार्बेक्यू? घरच्या अंगणातच बरा. वाळलेलं हीथ एका ठिणगीने पेटतं.