आधी अंतर, मग अवजार

कृषी प्रदर्शनात नवखा भाजीपाला उत्पादक सगळ्यात जास्त रेंगाळतो तो पॉवर वीडरच्या स्टॉलपुढे. विक्रेता अश्वशक्ती सांगतो, ॲव्हरेज सांगतो, सवलत सांगतो. तुमच्या दोन ओळींत किती अंतर आहे, हे मात्र सहसा विचारत नाही. निर्णय तर त्यावरच ठरायचा असतो.

कांद्याची लागवड 15 बाय 10 सेंटीमीटरवर. तिथे वीडर शिरतच नाही, खुरपंच हवं. गादीवाफ्यावर मल्चिंग पेपर अंथरून टोमॅटो-मिरची घेतली, तर तण उरतं ते मुख्यतः सरीत. टोमॅटोची बांबू-तारेची बांधणी झाली, फांद्या सरीवर झुकल्या, की तिथलीही वाट बंद. म्हणजे हंगामात मोजक्या फेऱ्यांसाठी स्वतःचं यंत्र घ्यायचं का, हा हिशेब आधी करावा. भेंडी-गवारीच्या ओळींत सायकल कोळपं छान चालतं, पण तण दोन-चार पानांचं असतानाच. वीतभर वाढलेल्या तणापुढे ते हात टेकतं. आणि ठिबकच्या नळ्या उचलून ठेवल्याशिवाय कुठलंही कोळपं रानात घालू नये. कापलेली नळी जोडण्यात अर्धा दिवस जातो.

नांगर, रोटाव्हेटर, बेड मेकर सुरुवातीला भाड्यानेच आणावेत. अनेक भागांत शेतकरी गटांच्या अवजार बँका आहेत. अडचण एकच. भाड्याचा ट्रॅक्टर त्याच्या सवडीने येतो, तुमच्या वाफशाने नव्हे. काळ्या रानात ओल जास्त असताना रोटाव्हेटर फिरवला, तर वरची माती भुसभुशीत दिसते आणि पात्यांखाली कडक थर बसतो. मुळं तिथे अडतात, पाणी तुंबतं. चार-पाच इंच खालची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आहे. चपटा झाला, तर ट्रॅक्टरवाल्याला चहा पाजून परत पाठवा, मग तो कितीही कुरकुरो.

खरा पैसा वाचतो किंवा वाया जातो तो फवारणी पंपात, आणि त्यातही नोझलमध्ये. कीटकनाशक-बुरशीनाशकाला हॉलो कोन नोझल लावावं, त्याचे बारीक थेंब पानांच्या आतपर्यंत पोहोचतात. तणनाशकाला फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट. औषध झाकणाने मोजण्याची सवय सर्रास दिसते, ती पहिल्याच दिवशी सोडावी. पंपात साधं पाणी भरा, नेहमीच्या चालीने एक गुंठा, म्हणजे 33 बाय 33 फूट, फवारा आणि किती पाणी गेलं ते मोजा. समजा 4 लिटर गेलं. एकराचे 40 गुंठे, म्हणजे 160 लिटर. 16 लिटरचे 10 पंप. लेबलवर एकरी 200 मिली असेल, तर पंपाला 20 मिली. पीक वाढलं, नोझल झिजलं, फवारणारा माणूस बदलला, की पुन्हा मोजायचं. हातमोजे, मास्क आणि वारा पाठीवर घेऊन चालणं हा अवजाराचाच भाग समजावा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली.

अनुदानाबद्दल थोडंसं. महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करायची. आधी घेतलेल्या यंत्राचं बिल चालत नाही. पण अनुदान आहे म्हणून यंत्र घेणं म्हणजे उरलेली रक्कम स्वतःच्या खिशातून घालवणं. घेण्यापूर्वी तालुक्याच्या गावी त्याची पाती, बेल्ट, कार्बुरेटर मिळतो का, एवढं दुकानात जाऊन विचारावं.

तणनाशकाचा पंप मात्र पहिल्यापासून वेगळा ठेवावा, त्यावर लाल रंगाची ठळक खूण करून. टू-फोर-डीचा जरासा अंश राहिला, तरी टोमॅटोची पानं वेडीवाकडी वळतात. पंप शेजाऱ्याकडे जाऊन परत आला, तर त्यात काय भरलं होतं ते विचारून घ्यावं.