तावून सुलाखून निघालेली माती

गेल्या सत्रात रेक्टरसरांनी आमच्या रूमवरून कॉइलची शेगडी जप्त करून नेली. चहा-मॅगीचा आमचा अर्धा संसारच गेला! (शेगडी नियमाविरुद्ध होती हे मान्य. हा लेख वाचून सर ती परत देतील अशी आशाही नाही.) पण त्या शेगडीकडे कधी नीट बघितलंय का? तार लालभडक होते, पण ज्या खाचांत ती बसवलेली असते ती पांढुरकी थाळी ना वितळते, ना जळते. ती थाळी मातीची असते. पुस्तकात तिला 'उच्चतापसह माती' म्हणतात. फाउंड्रीत हे नाव घ्याल तर लोक तुमच्या तोंडाकडे बघतील. तिथे म्हणायचं 'फायरक्ले'.

ही माती आणि घराच्या विटांची लाल माती यांत फरक काय? दोन्हींत सिलिका आणि अ‍ॅल्युमिना असतातच. पण लाल मातीत लोह, चुना, सोडा, पोटॅश यांची भरपूर भेसळ असते. हे पदार्थ मातीला लवकर वितळायला लावतात, म्हणून साधी वीट हजार-अकराशे अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. फायरक्लेत ही भेसळ फार कमी. शुद्ध केओलिनची माती तर १७५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. म्हणजे या मातीचं मोठेपण तिच्यात काय आहे यापेक्षा काय नाही यात जास्त आहे!

ही भेसळ काढली कुणी? गंमत म्हणजे फायरक्ले पुष्कळदा कोळशाच्या थराखाली सापडते. झरिया, राणीगंज ही त्यातली नावाजलेली ठिकाणं; आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातही ती मिळते. २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी तिथे दलदलीची जंगलं होती. त्या झाडांचा पुढे कोळसा झाला. पण त्याआधी त्यांच्या मुळांनी आणि दलदलीच्या आम्लयुक्त पाण्याने खालच्या मातीतले क्षार आणि लोह धुऊन नेलं. कोळसा आणि तो ज्या भट्टीत जाळायचा तिच्या विटा, दोन्ही एकाच खाणीत!

हे सगळं मी दुसऱ्या वर्षीच 'मटेरियल्स'च्या पेपरात लिहिलं होतं, मार्कही बरे पडले. पण ती माती कळली मात्र सुट्टीत, कोल्हापूरकडच्या एका लहान फाउंड्रीत ट्रेनिंगला गेलो तेव्हा.

तिथे बीड ओतायच्या लॅडलला आतून फायरक्लेचं अस्तर लावत. हे काम एक मामा करायचे. माती, भाजलेल्या मातीचा चुरा (याला ग्रॉग म्हणतात, त्याने अस्तर कमी आकसतं) आणि पाणी कालवायचं, आतून थापायचं, मग बर्नर लावून सुकवायचं. एका दुपारी मामांनी बर्नर माझ्यावर सोपवला. "लाल दिसल्याबिगर काढायचा न्हाई," एवढंच सांगून ते जेवायला गेले.

पाऊण तासात अस्तर पांढरं, खडखडीत दिसायला लागलं. वाफ थांबली होती. शंभर अंशाला पाणी उकळतं, हे तर शाळेतलं ज्ञान. मलाही भूक लागली होती. मी बर्नर बंद केला.

तासाभराने त्यात बीड ओतलं, साधारण १४०० अंशांचं. क्षणभर काही नाही. मग आतून गडगड आवाज आला आणि रस दुधासारखा उतू येऊन उडाला. एक थेंब मामांच्या मनगटावर पडला, हातमोज्याच्या बरोबर वर. सुपरवायझर धावत आले. मी म्हणालो, "बर्नर मधेच विझला असेल." मामांनी माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलले नाहीत.

झालं काय होतं? फायरक्लेत पाणी दोन प्रकारचं असतं. एक आपण कालवलेलं. ते शंभरच्या थोडं वर गेलं की निघून जातं, पण आतल्या थरातलं निघायला वेळ लागतो. दुसरं स्फटिकाच्या रचनेतच बांधलेलं. शुद्ध केओलिनच्या वजनात ते सुमारे १४ टक्के असतं, आणि ते सुटतं ४५० ते ६०० अंशांना. पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १७०० पट वाढतं. वर वितळलेलं बीड, खाली कोंडलेली वाफ. ती जाणार कुठून?

आणि तापलेली वस्तू काळपट लाल दिसायला लागते ती साधारण याच तापमानाच्या वरच्या टोकाला. मामांच्या "लाल दिसल्याबिगर"मध्ये अख्खा आलेख होता. मी पेपरात काढला होता तोच!

पुढे हजार अंशांच्या आसपास या मातीत मुलाइटचे स्फटिक तयार होऊ लागतात. भाजलेल्या विटेला ताकद मिळते ती बरीचशी त्यांच्यामुळे. या विटा किती ठिकाणी लागतात म्हणून सांगू! झोतभट्टीचा वरचा भाग, काचेच्या भट्टीतले उष्णता साठवणारे कक्ष, धुराडी, बॉयलर. आपल्या साखर कारखान्यांत गाळपाच्या आधी बॉयलरचं अग्निप्रदीपन थाटात होतं. तिथेही दुरुस्त केलेलं वीटकाम आधी हळूहळू तापवून सुकवावं लागतं. घाई केली तर विटांचे पापुद्रे उडतात. मात्र ही माती सगळीकडे चालत नाही. पोलादाच्या भट्टीत चुन्याची मळी असेल तर ती फायरक्लेला खाऊन टाकते, तिथे मॅग्नेशियाच्या विटा हव्यात. शिवाय 'वितळते १७०० ला' म्हणून निर्धास्त राहू नका. डोक्यावर भार असला की वीट त्याच्या कितीतरी आधी दबू लागते.

दुसऱ्या दिवशी मी सुपरवायझरना खरं सांगितलं. ते खूप बोलले, बोलायलाच हवं होतं. मामांच्या मनगटाला पट्टी होती. मी माफी मागितली तर म्हणाले, "अरं, वरनं वाळलं म्हंजी आतनं वाळलं व्हय? चल, नवं अस्तर लावायचंय, माती काल्लव."

त्या दिवशी बर्नरपाशी मी तीन तास उभा होतो. जेवायला गेलो नाही.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी