दिल्लीत सहकुटुंब ‘बुखारा’

दिल्ली-आग्रा-जयपूरची सहल ठरली की मराठी घरात दिल्लीच्या खाण्याची यादी आपोआप तयार होते. चांदणी चौकातली पराठ्यांची गल्ली, छोले-भटुरे, आणि वरण-भाताची फारच आठवण झाली तर कस्तुरबा गांधी मार्गावरचं नवं महाराष्ट्र सदन. या यादीत एक जेवण खिसा सैल सोडून ‘बुखारा’साठी ठेवावं, असं माझं मत आहे. चाणक्यपुरीत सरदार पटेल मार्गावरच्या आयटीसी मौर्य या पंचतारांकित हॉटेलात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हे रेस्टॉरंट सुरू झालं. बिल क्लिंटन २००० साली भारतात आले तेव्हा इथे जेवले आणि त्यांच्या नावाची थाळी मेनूत आली. तेव्हापासून परदेशी पाहुण्यांइतकंच ते आपल्याकडच्या हौशी खवय्यांचंही झालं.

काटा-चमचा मांडलेला नसतो

नावाजलेल्या महागड्या रेस्टॉरंटात घरच्यांना घेऊन गेलं की आधी सगळे अवघडतात. कुठला काटा आधी उचलायचा, आजीला सुरी कशी जमणार, मुलांनी काही सांडलं तर? बुखारात हा प्रश्नच येत नाही, कारण इथे हातानं जेवायची रीत आहे. टेबलाशी बसलं की गळ्यात बांधायला चौकटीचा एप्रन मिळतो. मंत्री असो वा मुंबईचा पाहुणा, सगळे तो बांधून बसतात. बोटं चाटली तरी कुणी वळून बघत नाही. काटा मागितला तर देतात, पण मागू नये.

अडचण आहे ती बसण्याची. टेबलं ठेंगणी आणि बसायला बिनपाठीची लाकडी स्टुलं. गुडघे किंवा कंबर धरलेल्या माणसाला दीड तास तसं बसणं जड जातं. टेबल राखतानाच ‘सोबत वयस्कर माणूस आहे, पाठ टेकायला मिळेल अशी जागा द्या’ असं सांगून ठेवावं.

तंदूर आणि रात्रभरची डाळ

स्वयंपाकघर काचेमागे आहे, लहान मुलांना घेऊन बसायची जागा तीच. लोखंडी शिगांवर ओवलेले कबाब तंदुरात उभे सोडतात. कडेच्या तापलेल्या मातीची धग, खालच्या कोळशाची आच आणि निखाऱ्यावर ठिबकणाऱ्या चरबीचा धूर अशा तिन्हीकडून मांस भाजलं जातं. म्हणून बाहेरून खरपूस आणि आतून रसदार. नानची गोष्ट वेगळी: ओली कणीक तापल्या भिंतीवर थापली की चिकटते, फुगते आणि पाहता पाहता डाग धरते. इथला मोठा नान अख्ख्या टेबलाला पुरतो. तो मध्ये ठेवून सगळ्यांनी चारी बाजूंनी तोडायचा.

पण नाव झालं ते डाळीचं. अख्खे काळे उडीद, टोमॅटो, आलं आणि लसूण एवढंच घेऊन ती रात्रभर कोळशाच्या मंद आचेवर ठेवतात. शेवटी साय आणि वर लोण्याचा गोळा. ना वेगळी फोडणी, ना ढाब्यावरच्यासारखी भरपूर मसाल्यांची गर्दी. इतका वेळ शिजल्यावर उडदाचं साल मऊ पडतं, आतला चिकट गर पाण्यात उतरतो आणि डाळ आपोआप दाट होते. आपल्याकडे उडदाचं घुटं खाणाऱ्याला ही चव परकी वाटणार नाही. फक्त तिखट कमी आणि लोणी सढळ. कुकरच्या चार शिट्ट्यांत हे साधत नाही. घरी करून पाहणाऱ्यांनी गॅसच्या बिलाचा विचार करावा.

काय मागवायचं

मेनू लाकडी पाटीवर छापलेला असतो आणि वर्षानुवर्षं जवळपास तोच आहे. त्यामुळे घरूनच ठरवून जाता येतं. मांसाहारी घर असेल तर ‘सिकंदरी रान’ एकच घ्यावं. रान म्हणजे कोकराची अख्खी मांडी. ती सिरका, दालचिनी, शाहजिरं आणि लाल मिरचीच्या वाटणात मुरवतात, त्याच मसाल्यात शिजवतात आणि मग तंदुरात भाजून काढतात. हाडापासून मांस बोटांनी सुटतं. शाकाहाऱ्यांना पनीर टिक्का, तंदुरी बटाटा, भरलेली सिमला मिरची आणि ती डाळ. एवढ्यावर पोट भरतंच, त्यांनी मन मारायची गरज नाही.

आपली खोड अशी की महाग ठिकाणी गेलं की वसूल करायचं म्हणून दहा पदार्थ मागवायचे. चार माणसांना कबाबाचा एक प्रकार, रान, डाळ, नान आणि शेवटी फिरनी पुष्कळ होते. तारीख ठरवण्याआधी दिनदर्शिका बघा. संकष्टी किंवा श्रावणाचा दिवस निघाला, तर निम्मं टेबल डाळीकडे बघत बसेल.

बिल वाचताना

चौघांचं बिल सहज पाच आकड्यांत जातं. खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला जीएसटी १८ टक्के लागतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के. मेनूवरच्या किमतीत तो बहुधा धरलेला नसतो, तेव्हा मनात बेरीज करून ठेवावी. सेवाशुल्काचं मात्र वेगळं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की ते बिलात आपोआप लावता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हे उचलून धरलं. कुठल्याही रेस्टॉरंटात ते दिसलं तर काढायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे. टिप द्यायची तर हातानं द्या.

जागा नाही मिळाली तर

संध्याकाळी दिल्लीची वाहतूक अंत पाहते आणि शनिवारी-रविवारी इथे रांग लागते. दुपारचं जेवण किंवा रात्रीची अगदी सुरुवातीची वेळ धरावी. तरी जमलं नाही, किंवा आजोबांची कंबर स्टुलाला तयार नसेल, तर त्याच हॉटेलातलं ‘दम पुख्त’ बघा. ते शेफ इम्तियाज कुरेशींच्या हातानं घडलेलं, अवधी जेवणाचं. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. इथे कणकेने तोंड बंद केलेल्या भांड्यातली बिर्याणी मिळते आणि जिभेवर विरघळणारा काकोरी कबाब. दात नसलेल्या माणसालाही तो खाता येतो, आणि खुर्चीला पाठ असते.