देवयानीसाठी किती तास?

देवयानी दीर्घिकेचे फोटो काढण्यात आता नवीन काय उरलंय, असं कोणी २०२२ सालच्या सुरुवातीला म्हटलं असतं, तर त्याला खोडून काढणं अवघड होतं. खगोलप्रेमी जिला एम-३१ म्हणून ओळखतात ती ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. अंधाऱ्या माळावरून ती नुसत्या डोळ्यांना धुरकट डागासारखी दिसते, पण फोटोत तिची लांबी पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीने मांडावेत एवढी भरते. मोठमोठ्या वेधशाळांनी, अवकाश दुर्बिणींनी आणि जगभरच्या हौशी मंडळींनी तिला सव्वाशे वर्षं टिपून ठेवलं होतं. तरीही त्या वर्षी फ्रान्समधल्या यान सँती या हौशी छायाचित्रकाराने १०६ मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून घेतलेल्या फोटोंमध्ये दीर्घिकेच्या अगदी शेजारी एक फिकट कमान उमटली. ती चांगली दीड अंश, म्हणजे चंद्राच्या तिप्पट लांब होती.

अशी पुसट आकृती दिसली की पहिला संशय लेन्समधल्या प्रतिबिंबावर जातो. सँती आणि त्यांचे सहकारी मार्सेल ड्रेक्सलर व झाव्हिए स्ट्रॉटनेर यांनी दुसऱ्या ठिकाणांहून, दुसऱ्या दुर्बिणींनी ती पडताळून घेतली, व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांना सोबत घेतलं आणि जानेवारी २०२३ मध्ये शोध जाहीर केला. त्याच वर्षी ग्रिनिचच्या वेधशाळेच्या ‘ॲस्ट्रॉनॉमी फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत हा फोटो सर्वोत्तम ठरला. ही कमान देवयानीची नसून आपल्याच आकाशगंगेतला वायू तिच्या दिशेला दिसतो आहे, असा नंतरच्या अभ्यासांचा कल आहे.

एवढी मोठी कमान इतकी वर्षं सुटली कशी? मोठ्या दुर्बिणी एका वेळी आकाशाचा चिमुकला तुकडा पाहतात, त्यात दीड अंशाची आकृती मावत नाही. शिवाय ही कमान जवळजवळ फक्त ऑक्सिजनच्या ५००.७ नॅनोमीटरच्या प्रकाशात चमकते. तेवढाच प्रकाश आत सोडणारा फिल्टर लावून देवयानीच्या आजूबाजूला तासन्‌तास कॅमेरा रोखून बसण्याचं कारण कोणाला पडलं नव्हतं. मोठ्या दुर्बिणीवर वेळ मिळवायचा तर आधी अर्ज करावा लागतो, काय सापडेल ते पटवून द्यावं लागतं, आणि पदरात मोजक्या रात्री पडतात. सँतींनी एकाच दृश्यावर शंभराहून जास्त तास खर्च केले. हौशी माणसाकडे मोठा आरसा नसतो; वेळ मात्र त्याच्या मालकीचा असतो. दीर्घिकांच्या हौशी छायाचित्रणाचा सगळा इतिहास या एका वाक्यात बसतो.

काचेवरची देवयानी

या इतिहासाची सुरुवातच हौशी लोकांनी केली. लंडनजवळच्या ईलिंगमध्ये राहणारे अँड्र्यू कॉमन पेशाने अभियंता होते. घराच्या बागेत उभारलेल्या ३६ इंची परावर्ती दुर्बिणीतून त्यांनी जानेवारी १८८३ मध्ये मृगातल्या तेजोमेघाचा फोटो घेतला. डोळ्यांना त्या दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे लेप दिलेल्या काचेवर उमटले होते. डोळा प्रकाश साठवून ठेवू शकत नाही, रासायनिक लेप साठवतो, हे त्या दिवशी पुरतं सिद्ध झालं.

पाच वर्षांनी लिव्हरपूलजवळच्या मॅगल गावातून आयझॅक रॉबर्ट्स यांनी देवयानीवर दुर्बीण रोखली. हे इमारत बांधकामाच्या धंद्यात पैसा मिळवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांची २० इंची परावर्ती दुर्बीण डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी बनवली होती, आणि तिच्याच जोडीला ७ इंची दुसरी दुर्बीण बसवलेली होती. मोठीत काच, लहानीत डोळा. तास उलटत असताना एक तारा तारेच्या फुलीवरून हलू न देणं, हे डोळ्याचं काम. १८८८ सालच्या त्या काचांवर देवयानीच्या धूसर अंगातली वलयं पहिल्यांदा स्पष्ट दिसली. रॉबर्ट्सना वाटलं, ही जन्माला येणारी सूर्यमाला आहे. अर्थ चुकला, फोटो टिकला. आज त्या वलयांना आपण दीर्घिकेच्या भुजा म्हणतो.

याच सुमारास पुण्यातही ग्रब यांचीच २० इंची दुर्बीण येत होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली आणि प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे सर्वेसर्वा झाले. कित्येक वर्षं ही देशातली सर्वांत मोठी दुर्बीण होती. नायगमवालांनी १८९१ साली मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटातल्या मुख्य हिरव्या रेषेवर टिपण प्रसिद्ध केलं आणि ती रेषा कोणत्याही परिस्थितीत रेखीवच दिसते, असं दाखवलं. ती रेषा कोणत्या मूलद्रव्याची हे तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हतं; ‘नेब्युलियम’ नावाचं एक काल्पनिक मूलद्रव्यही तिच्यासाठी मानलं गेलं होतं. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची असल्याचं सिद्ध केलं. सँतींच्या फिल्टरमधून आलेली ५००.७ नॅनोमीटरची रेषा ती हीच. पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये, नायगमवाला निवृत्त झाल्यावर, बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली.

देवयानी ही आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे, हे कळायला १९२३चा ऑक्टोबर उजाडावा लागला. माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून घेतलेल्या काचेवर एडविन हबल यांना एक रूपविकारी तारा सापडला. त्याच्या तेजाच्या चढउतारावरून अंतर काढता आलं. ‘व्ही-१’ नावाने प्रसिद्ध झालेल्या याच ताऱ्याचा सुमारे ३१ दिवसांचा चढउतार २०१० मध्ये अमेरिकेतल्या रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेच्या हौशी सभासदांनी स्वतःच्या दुर्बिणींतून पुन्हा मोजला. त्या काळी जगातली सर्वांत मोठी दुर्बीण लागलेलं काम आता घराच्या अंगणातून होत होतं.

अंधारातून काढलेलं चित्र

हा बदल घडवला तो सेन्सरने. फिल्मवर प्रकाश मंद असला की लेप आळसावतो. दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट उजेड उमटत नाही. म्हणून जुने लोक फिल्मला हायड्रोजन मिसळलेल्या वायूत भिजवून, तापवून ‘तेज’ करत. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या सीसीडीने आणि पुढे सीमॉस सेन्सरने हा आळस संपवला. आलेले बहुतेक फोटॉन मोजले जातात आणि संगणकावर त्यांची बेरीज करता येते.

ही बेरीज हाच आजच्या तंत्राचा गाभा. पाच तासांचा एकच फोटो कोणी घेत नाही. तीन-तीन मिनिटांचे शंभर घेतात. त्यातला एक उघडून पाहिला तर निराशाच पदरी येते. जवळजवळ काळा चौकोन, मध्ये पांढरा गोळा, कडेला गावाच्या दिव्यांचा राखाडी तवंग आणि एखादी उपग्रहाची सरळ रेघ. शंभर चौकोन ताऱ्यावर तारा जुळवून एकत्र केले की दीर्घिकेचा उजेड शंभर पट होतो, पण सेन्सरची खरखर दहा पटच वाढते. उपग्रहाची रेघ एकाच चौकोनात असते, म्हणून सॉफ्टवेअर ती वेगळी काढून टाकतं. उजेड आणि खरखरीच्या या हिशोबाचा दुसरा अर्थ असा, की चित्र दुप्पट स्वच्छ हवं असेल तर वेळ चौपट द्यावा लागतो. चार तासांवरून सोळा, सोळावरून चौसष्ट. सँतींचे शंभर तास या हिशोबातून आले.

त्याआधीची तयारी हातांची असते. दुर्बीण ज्यावर बसते त्या ‘माउंट’चा आस ध्रुवाशी जुळवायचा. महाराष्ट्रातून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १६ ते २२ अंश वर असतो. डोंगर, झाडं, धूळ नेमकी तिथेच आडवी येते. मग फोकस. दुर्बिणीच्या तोंडावर चिरा पाडलेली प्लास्टिकची चकती बसवतात, तिला ‘बाख्तिनोव्ह मास्क’ म्हणतात. एखादा तेजस्वी तारा स्क्रीनवर घेतला की त्यातून तीन किरण फुटतात. दोन किरणांची फुली स्थिर असते आणि तिसरा फोकसचा स्क्रू केसभर फिरवला तरी सरकतो. तो फुलीच्या बरोबर मध्यावर आला की थांबायचं आणि स्क्रूला पुन्हा हात लावायचा नाही. पहाटे दुर्बिणीवर पांढरं कापड ताणून उजळत्या आकाशाचे ‘फ्लॅट’ घ्यायचे, झाकण लावून ‘डार्क’ घ्यायचे. धुळीचे ठिपके आणि सेन्सरची उष्णता त्यातून वजा होते.

नशीब आणि तास

वेळेची गुंतवणूक कधी अचानक व्याजासकट परत येते. अर्जेंटिनातल्या रोझारियो शहरात राहणारे, कुलपं दुरुस्त करणारे व्हिक्टर बूसो २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री नवा कॅमेरा तपासत होते. शहराच्या उजेडामुळे लहान लहान एक्स्पोजर घ्यायचे आणि एनजीसी ६१३ या सुमारे ८ कोटी प्रकाशवर्षं दूर असलेल्या दीर्घिकेवर चाचणी करायची, एवढाच बेत. दीर्घिकेच्या कडेला एक ठिपका उगवून बघता बघता उजळत गेला. ताऱ्याच्या स्फोटाची लाट त्याच्या पृष्ठभागातून बाहेर पडतानाचा तो क्षण होता. मुद्दाम शोधायला जावं तर सापडणार नाही असा. २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनलेखात बूसो यांचंही नाव होतं. जपानचे कोइची इतागाकी यांच्याबाबतीत मात्र नशिबाहून नेम मोठा. वर्षानुवर्षं दीर्घिकांचे फोटो घेऊन ते जुन्या फोटोंशी ताडून पाहतात. १९ मे २०२३ रोजी सप्तर्षींच्या शेपटाजवळच्या एम-१०१ मध्ये त्यांना अतिनवतारा सापडला आणि पुढचे कित्येक आठवडे जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या.

किती ओढायचं?

बेरीज झाल्यावर जे होतं ते जास्त नाजूक असतं. अंधारात दडलेला उजेड दिसावा म्हणून चित्र ‘स्ट्रेच’ करतात, म्हणजे ओढतात, खरखर घासून काढतात, रंग ठरवतात. सँतींची कमान फोटोत निळी दिसते, तीही निवडच. प्रश्न रंगाचा नाही. प्रश्न आकाराचा आहे.

अमेरिकेतले आर. जे गॅबनी यांनी न्यू मेक्सिकोतल्या अर्ध्या मीटरच्या दुर्बिणीतून कालेय तारकासमूहातली एनजीसी ५९०७ ही आडवी दीर्घिका टिपली. गिळंकृत झालेल्या एका बटू दीर्घिकेचे तारे तिच्याभोवती वेटोळी घालून फिरताना त्या चित्रात दिसत होते. शास्त्रज्ञ डेव्हिड मार्टिनेझ-डेल्गादो यांच्यासोबत त्यांनी २००८ मध्ये हे प्रसिद्ध केलं, आणि हौशी व व्यावसायिक मिळून काय करू शकतात याचा तो नमुना ठरला. २०१९ मध्ये ‘ड्रॅगनफ्लाय’ या दुर्बिणीने तीच दीर्घिका पाहिली. ड्रॅगनफ्लाय म्हणजे बाजारात मिळणाऱ्या ४०० मिलिमीटरच्या कॅमेरा लेन्सची मोळी. तिला एकच लांब वक्र प्रवाह दिसला, दुसरं वेटोळं कुठेच नाही. त्याच वर्षी आणखी एका गटालाही ते सापडलं नाही. गॅबनींचं चित्र म्हणून खोटं ठरत नाही, मुख्य प्रवाह खरा आहे. पण पार्श्वभूमीच्या उजेडापेक्षा कितीतरी पट मंद गोष्ट बाहेर काढताना हात किती जाऊ द्यायचा, याचा धडा त्यात आहे.

हा धडा आता सगळ्यांनाच हवा. खांद्याला अडकवता येतील अशा ‘स्मार्ट’ दुर्बिणी आल्या आहेत. फोनवर दीर्घिकेचं नाव दाबा. दुर्बीण स्वतः शोधते, स्वतः जुळवते, स्वतः ओढते. गच्चीवरून तासाभरात देवयानी हाती येते आणि त्यात वाईट काही नाही. वाईट तेव्हा, जेव्हा मशीनने भरलेले तपशील आणि आकाशातून आलेला प्रकाश यांतला फरक चित्र काढणाऱ्यालाच माहीत नसतो.

आपल्याकडे चार महिने पावसाळ्यात जातात. ढग उघडतात तेव्हा दिवाळी आलेली असते, आणि लक्ष्मीपूजन अमावास्येचं. फटाक्यांच्या धुरापासून लांब गेलं तर रात्री नऊच्या सुमारास देवयानी उत्तरेला माथ्याजवळ आलेली सापडते. १९४४ पासून पुण्यात चालू असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईचं खगोल मंडळ यांनी कित्येकांना अशा रात्रींची सवय लावली. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे अंधार जपण्याची जागाही आता महाराष्ट्रात आहे.

तेव्हा या मोसमात जे कॅमेरा लावतील त्यांना एकच आग्रह. फोटोखाली जागा, दुर्बीण, फिल्टर आणि एकूण तास लिहा. मूळ चौकोन पुसू नका. सँतींची कमान खरी ठरली ती दुसऱ्यांनी पडताळल्यामुळे, आणि एनजीसी ५९०७ चं दुसरं वेटोळं गळालं तेही दुसऱ्यांनी पडताळल्यामुळे. ज्या फोटोखाली तास लिहिलेले नाहीत, तो भिंतीवर शोभेल. पडताळायला मात्र कोणाच्या उपयोगी पडणार नाही.